‘कामात’, ‘कामातून’ आणि ‘कामामुळे’ : अग्निशामकाचा कर्करोग आणि भरपाईच्या कायद्याची भाषा

१. विषयाची मांडणी

अग्निशमन दलातील माणूस आगीत सापडून मरण पावला, तर तो कर्तव्य बजावीत असताना गेला याविषयी कोणाच्याही मनात शंका उद्भवत नाही. परंतु तोच माणूस तीस वर्षे धूर आणि काजळी यांत वावरून सेवानिवृत्त झाला आणि त्यानंतर बारा वर्षांनी मूत्राशयाच्या कर्करोगाने वारला, तर त्याच्या मृत्यूचे वर्णन कोणत्या वाक्याने करावयाचे? हा प्रश्न वैद्यकाचा आणि कायद्याचा आहे, हे उघडच आहे. तथापि तो तितकाच वाक्यरचनेचाही आहे, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मृताच्या पत्नीला भरपाई मिळावयाची की नाही, हे अखेर काही विभक्तिसंबंधांवर अवलंबून राहते. कर्ता, क्रिया आणि परिणाम ही तिन्ही ठाऊक असूनही त्यांना जोडणारा प्रत्यय सिद्ध करता न आल्यामुळे दावा कोसळू शकतो. भाषेच्या अभ्यासकाने या विषयात लक्ष घालण्याचे प्रयोजन एवढेच.

२. सूत्राची उत्पत्ती

कामगाराला कामावर इजा झाल्यास मालकाने, त्याची चूक असो वा नसो, भरपाई द्यावी, हे तत्त्व इंग्लंडात १८९७ च्या कायद्याने रूढ केले. त्या कायद्याने भरपाईसाठी एक जोडसूत्र घातले. इजा अपघाताने झालेली असावी, आणि तो अपघात नोकरीतून उद्भवलेला व नोकरीच्या ओघात घडलेला असावा. हेच सूत्र भारताच्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमात आले. हा अधिनियम १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. त्याचे नाव पुढे पालटले, रकमा वाढल्या. सूत्र मात्र तेच राहिले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अंमलात आली आणि १९२३ च्या अधिनियमाची जागा तिने घेतली. तिनेही हे सूत्र आणि त्याची मूळ चौकट उचलली आहे. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आणि अनेक देशांत टिकून राहिलेले असे वाक्खंड कायद्याच्या भाषेतही विरळाच होत.

या सूत्राचे दोन अवयव न्यायालयांनी दोन स्वतंत्र कसोट्या मानले आहेत. ‘नोकरीच्या ओघात’ हा अवयव काळ आणि स्थळ सांगतो, तर ‘नोकरीतून उद्भवलेला’ हा अवयव कार्यकारणसंबंध सांगतो. १९६१ साली एका जहाजावरील खलाशी समुद्रात असताना बेपत्ता झाला. त्याच्या वारसांनी केलेला दावा आयुक्तांनी फेटाळला, मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा अमान्य केला. मॅकिनन मॅकेंझी कंपनीचा खटला म्हणून तो विधिवाङ्मयात प्रसिद्ध आहे. माणूस जहाजावर होता, म्हणजे कामाच्या ओघात होता. पण तो नोकरीशी संबंध असलेल्या अपघातानेच मेला असा निष्कर्ष काढण्यास आधार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. एक अवयव सिद्ध झाला तरी दुसरा आपोआप सिद्ध होत नाही, हा त्या निर्णयाचा इत्यर्थ होय. दोन्ही सिद्ध करण्याचा भार सामान्यतः दावेदारावर असतो, हेही त्याने स्पष्ट केले.

३. मराठीतील तीन रूपे

आता हे सूत्र मराठीत मांडून पाहू. ‘नोकरीच्या ओघात’ ही सप्तमी होय. तीत अधिकरण आहे. क्रिया कोठे व केव्हा घडली हे ती सांगते. ‘नोकरीतून’ ही पंचमी, म्हणजे अपादान. जे उत्पन्न होते त्याच्या मूळ प्रकृतीला पाणिनीनेही अपादानातच स्थान दिले आहे. त्यामुळे ‘कामातून रोग उद्भवला’ हा प्रयोग परंपरेस धरूनच आहे.

परंतु मराठीचे एक वैशिष्ट्य येथे ध्यानात घेतले पाहिजे. ‘कामातून’ हे रूप एकेरी नाही. ‘काम’ या शब्दाचे सामान्यरूप, त्याला सप्तमीचा ‘त’ आणि त्यापुढे पंचमीचा ‘ऊन’, अशी त्याची घडण आहे. ‘घरातून’, ‘पाण्यातून’, ‘रानातून’ ही रूपेही अशीच बनतात. म्हणजे ‘कामातून’ या पंचमीच्या पोटात ‘कामात’ ही सप्तमी आधीच बसलेली आहे. आत असल्याखेरीज आतून बाहेर येता येत नाही. इंग्रजी सूत्रातील शब्दही ‘आतून बाहेर’ असाच अर्थ वाहतो, म्हणून भाषांतरात हा दोष नव्याने शिरलेला नाही. मराठी प्रत्ययांनी तो केवळ उघडा पाडला आहे. ज्या दोन कसोट्या स्वतंत्र म्हणून सांगितल्या जातात, त्यांतील एक दुसरीला गृहीत धरते.

याउलट ‘कामामुळे’ हे शब्दयोगी अव्ययाने साधलेले रूप केवळ हेतू सांगते. परिणाम कोठे प्रकट झाला, कधी प्रकट झाला, माणूस त्या वेळी कामावर होता की नव्हता, याबद्दल ते काहीच बोलत नाही. ‘लहानपणीच्या उपासमारीमुळे तो म्हातारपणी अधू झाला’ हे वाक्य शुद्ध आणि अर्थपूर्ण आहे. त्याच वाक्यात ‘उपासमारीतून’ हा शब्द घातला तर वाचक क्षणभर अडखळतो. अपघाताचे वर्णन तिन्ही रूपांनी होते. व्यवसायजन्य कर्करोगाचे यथार्थ वर्णन मात्र पुष्कळदा तिसऱ्या रूपानेच होऊ शकते, आणि भरपाईचे मूळ सूत्र पहिल्या दोन रूपांत बांधलेले आहे. सगळी अडचण येथे आहे.

४. अपघात : जेथे तिन्ही रूपे जुळतात

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाबरोबर स्फोटक द्रव्यांचा मोठा साठा होता. आग विझविण्यास गेलेल्यांपैकी ६६ अग्निशामक स्फोटांत मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. ९ मे २०१५ रोजी मुंबईतील काळबादेवी येथील गोकुळ निवास या इमारतीच्या आगीत दलाचे चार अधिकारी गमावले. त्यांतील दोघे इमारत कोसळली तेव्हाच गेले, आणि दोघांचा त्याच महिन्यात रुग्णालयात मृत्यू झाला.

भाषिक दृष्टीने या चौघांत भेद आहे. पहिल्या दोघांचा मृत्यू ‘कामात’ झाला, दुसऱ्या दोघांचा रुग्णशय्येवर. तरीही कोणी त्यांत भेद करीत नाही, कारण इजा आणि मृत्यू यांच्यामधील दिवस मोजता येतात व प्रत्येक दिवसाचा कागद उपलब्ध असतो. सूत्र मृत्यूच्या क्षणाला लागत नाही, इजेच्या क्षणाला लागते. हा क्षण दाखविता आला म्हणजे सप्तमीचे काम झाले. कर्करोगात असा क्षणच नसतो.

५. कर्करोग : जेथे क्षण सापडत नाही

काजळी आणि कर्करोग यांचे नाते अलीकडे कळलेले नाही. धुराडी साफ करणाऱ्या मुलांना व पुरुषांना होणाऱ्या अंडकोशाच्या त्वचेच्या कर्करोगाचा संबंध पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्याने १७७५ मध्ये काजळीशी जोडला. व्यवसायामुळे कर्करोग होतो असे दाखविणारे ते अगदी आरंभीचे निरीक्षण होय. अग्निशामकाच्या बाबतीत मात्र शास्त्राचा निर्णायक निवाडा येण्यास फार काळ लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या लियाँ येथील कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली हा व्यवसाय ‘कदाचित कर्करोगकारक’ या वर्गात घातला होता. २०२२ साली तिने तो ‘मानवात कर्करोगकारक’ या पहिल्या वर्गात घेतला. मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुस व उदर यांच्या आवरणाचा कर्करोग, आणि मूत्राशयाचा कर्करोग या दोहोंविषयी पुरेसा पुरावा असल्याचे तिने म्हटले. मोठे आतडे, पुरःस्थ ग्रंथी व वृषण यांचे कर्करोग, त्वचेचा मेलॅनोमा आणि लसिकापेशींचा एक कर्करोगप्रकार यांविषयीचा पुरावा मर्यादित ठरविला.

याची प्रक्रिया थोडक्यात अशी. जळत्या वस्तूंच्या धुरात बेंझीन, फॉर्माल्डिहाइड आणि अनेक वलयी हायड्रोकार्बने असतात. जुन्या इमारती पडल्या की ॲस्बेस्टॉसचे तंतू हवेत मिसळतात. श्वसनयंत्र नाकातोंडाचे रक्षण करते, परंतु काजळी मान, मनगटे व जांघा येथील त्वचेतून शरीरात जाते. आग विझल्यावर ढिगारा उपसण्याच्या वेळी यंत्र उतरवून ठेवण्याची प्रवृत्ती असते, आणि विषारी वायू तर तेव्हाही निघत असतात. काजळीने माखलेला गणवेश ठाण्यावर परत येतो, तेव्हा हा संपर्क आग संपल्यावरही चालू राहतो. ही मोठ्या शहराचीच गोष्ट आहे असे नव्हे. मालवणच्या किनाऱ्यावरील होडी आता पुष्कळदा काचतंतू व राळेची असते, जाळी नायलॉनची असतात. त्यांना लागलेल्या आगीचा धूर हा लाकडाचा धूर नव्हे. जुन्या मराठीतील ‘बंब’ ज्या आगीवर पाणी मारीत होता, ती आग आणि आजची आग यांत रासायनिक अंतर पडले आहे.

या संपर्काचा परिणाम प्रकट होण्यास दीर्घ काळ लागतो. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा तर सामान्यतः वीस ते पन्नास वर्षांनी दिसतो. शेकडो आगींपैकी कोणत्या आगीने रोग दिला हे कोणासच सांगता येणार नाही. आगी अनेक, परिणाम एक, आणि त्यांच्यामध्ये दशकांचे मौन, असे हे वाक्य आहे.

६. कायद्याने बांधलेला पूल आणि त्यातील फट

कायदेकर्त्यांना ही अडचण ठाऊक नव्हती असे नाही. १९२३ च्या अधिनियमाने तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोगांची यादी दिली आणि ‘मानले जाईल’ या क्रियापदाच्या साहाय्याने पूल बांधला. अनुसूचीच्या ‘ब’ भागातील कामात सलग सहा महिने असलेल्या कामगाराला सेवेत असताना तेथील रोग जडला, तर तो रोग म्हणजेच अपघाती इजा मानली जाईल. आणि विरुद्ध सिद्ध न झाल्यास ती नोकरीतून व नोकरीच्या ओघात उद्भवली असेही मानले जाईल. न्यायशास्त्रातील गृहीतकाचे हे उत्तम उदाहरण होय. वस्तुस्थितीत ‘मुळे’ एवढेच असते. कायदा आपल्या अधिकाराने ‘त’ आणि ‘तून’ हे दोन्ही प्रत्यय पुरवितो, व ते खोडून काढण्याचा भार मालकावर टाकतो.

येथे एक महत्त्वाची गोष्ट आढळते. २०२२ च्या निवाड्यात पुरेसा पुरावा असलेले दोन्ही कर्करोग या ‘ब’ भागात पूर्वीपासूनच आहेत. मात्र त्यांची शब्दयोजना सारखी नाही. एक नोंद ॲस्बेस्टॉसने होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाची व मेसोथेलिओमाची आहे. दुसरी नोंद मूत्राशय, मूत्रपिंड व मूत्रवाहिनी यांच्या आतील अस्तराच्या प्राथमिक अर्बुदाची आहे, आणि तीत कोणत्याही द्रव्याचे नाव नाही. पहिलीत करणवाचक तृतीया आहे, दुसरीत ती नाही. परिणामी मेसोथेलिओमा झालेल्या अग्निशामकाने ॲस्बेस्टॉसशी संपर्क दाखविला पाहिजे, आणि मूत्राशयाच्या रुग्णाला कोणतेही एक द्रव्य नावाने दाखविण्याचे बंधन नाही. दोहोंसमोरच्या रकान्यात ‘संबंधित धोक्याशी संपर्क येणारे सर्व काम’ एवढेच म्हटले आहे. कामगाराच्या व्याख्येसाठी असलेल्या दुसऱ्या अनुसूचीत अग्निशमन दलाचा उल्लेख होता; रोगांच्या तिसऱ्या अनुसूचीत या व्यवसायाचे नाव नाही. म्हणून आग विझविणे हे धोक्याशी संपर्क येणारे काम आहे, हे प्रत्येक दाव्यात नव्याने पटवावे लागते. आतड्याचा वा पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग तर यादीतच नाही. अशा रोगाचा संबंध एखाद्या विशिष्ट अपघाती इजेशी थेट जोडता आला तरच भरपाई मिळेल, असे अधिनियमाचे म्हणणे होते, आणि कर्करोगाच्या बाबतीत हे जवळजवळ अशक्य होय.

खरी फट पुढेच आहे. वरील गृहीतक ‘सेवेत असताना’ जडलेल्या रोगापुरते होते. सेवा संपल्यानंतर रोग झाला तर त्यासाठी वेगळे परंतुक होते. तेथे ‘ओघात’ हा अवयव कायद्याने सोडून दिला, ही उदारता खरी. परंतु रोग त्या नोकरीतूनच उद्भवला हे ‘सिद्ध झाल्यास’ अशी अट घातली. म्हणजे सप्तमी माफ झाली आणि पंचमी सिद्ध करण्याचा भार पुन्हा मृताच्या कुटुंबाकडे आला. शिवाय मुदतीच्या कलमात, नोकरी संपल्यापासून दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसू लागली तर लक्षणे प्रथम आढळली तो दिवस अपघाताचा दिवस मानावा, अशी तरतूद होती. दोन वर्षे कोठे आणि मेसोथेलिओमाची वीस ते पन्नास वर्षे कोठे! पुरेसे कारण असल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना होता, परंतु अधिकार म्हणजे हक्क नव्हे.

या दिवसाच्या निश्चितीला पैशाचेही परिमाण आहे. मृत्यूबद्दलची भरपाई मासिक वेतनाचा अर्धा भाग गुणिले वयानुसार ठरलेला गुणक अशी काढली जात असे. जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी वेतनाची मर्यादा १५,००० रुपये होती. चाळिसाव्या वर्षी गुणक १८४.१७, म्हणून रक्कम १३,८१,२७५ रुपये. पासष्टाव्या वर्षी वा त्यानंतर गुणक ९९.३७, म्हणून रक्कम ७,४५,२७५ रुपये. उशिरा प्रकट होणारा रोग दाव्याला दुबळा करतो आणि दावा जिंकला तरी रक्कम घटवितो.

७. चाकरमान्याचे उदाहरण

कोकणात मुंबईत नोकरी करणाऱ्याला ‘चाकरमानी’ म्हणतात. हा शब्द मोठा अर्थवाही आहे. माणूस चाकरी संपवून गावी परतला, तरी गाव त्याला पुष्कळ वर्षे चाकरमानीच म्हणते. बोलीने त्याची नोकरी संपलेली मानलेली नाही. कायद्याने मात्र मानली आहे.

मालवण तालुक्यातील एखाद्या गावचा माणूस मुंबईच्या अग्निशमन दलात तीस वर्षे राबून निवृत्त झाला व गावी येऊन राहिला, असे समजू. निवृत्तीनंतर दहा-बारा वर्षांनी लघवीतून रक्त जाऊ लागते. सिंधुदुर्गातील पुष्कळ रुग्ण उपचारासाठी गोव्यात बांबोळीला किंवा मुंबईला जातात, तसा तोही जातो. सेवेचे कागद मुंबईत, उपचाराचे कागद बांबोळीत, मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत, अशी त्याच्या चरित्राची विभागणी होते. १९९५ च्या दुरुस्तीनंतर अवलंबित व्यक्ती जेथे राहते तेथील आयुक्तांकडेही दावा दाखल करता येऊ लागला, म्हणजे स्थळाचे अधिकरण कायद्याने सैल केले. नव्या संहितेने तर घरून कामावर जाताना वा कामावरून घरी येताना घडलेला अपघातही, नोकरीशी संबंध दिसत असल्यास, कामाच्या ओघातील मानला आहे. स्थळ असे विस्तारले. काळ मात्र विस्तारला नाही.

मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र हा या संदर्भात अभ्यसनीय भाषिक दस्तऐवज आहे. त्यात मृत्यूचे निकटचे कारण, ते कशामुळे, आणि तेही कशामुळे, अशी ‘मुळे’ची साखळी लिहावयाची असते. ती साखळी कर्करोगापर्यंत जाऊन थांबते. व्यवसायाची नोंद वेगळ्या पत्रकात असते, आणि तेथे ‘सेवानिवृत्त’ असा एकच शब्द पडला, तर तीस वर्षांचा धूर त्या शब्दाखाली पुरला जातो. ‘सेवानिवृत्त’ हा व्यवसाय नव्हे. तो व्यवसायाचा अभाव होय. ‘निवृत्त अग्निशामक, मुंबई’ असे लिहिले तर साखळीचे पुढचे कडे निदान दृष्टीस तरी पडते.

८. अन्यत्र योजलेला उपाय

काही देशांनी गृहीतक थेट या व्यवसायालाच जोडले. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९८२ मध्ये अग्निशामकाच्या कर्करोगासंबंधी असे गृहीतक केले. कॅनडातील मॅनिटोबा प्रांताने २००२ मध्ये पाच प्रकारचे कर्करोग नावाने सांगून, प्रत्येकासाठी सेवेची किमान वर्षे ठरवून, विरुद्ध सिद्ध न झाल्यास ते कामामुळेच झाले असे मानावे अशी तरतूद केली. या रचनेत क्षणाची जागा कालावधीने घेतली आहे. ‘कोणत्या आगीत?’ हा अनुत्तरित प्रश्न बाजूस सारून ‘किती वर्षे?’ हा सेवापुस्तकावरून सुटणारा प्रश्न कायदा विचारतो. गृहीतक खंडनीय असते. अन्य कारण दाखविण्याची मुभा मालकाला राहते. बदलतो तो केवळ भार.

असा उपाय आपल्या कायद्याला परका नाही. अनुसूचीची पद्धत शंभर वर्षांची आहे, आणि तीत भर घालण्याची सोयही पूर्वीपासून आहे. अनुसूचीत अग्निशमनाचे काम नावाने घालणे, आणि सेवा संपल्यानंतर प्रकट होणाऱ्या कर्करोगासाठी भार दावेदारावरून काढून मुदत रोगाच्या स्वभावानुसार ठरविणे, या दोन दुरुस्त्यांनी पुष्कळ काम होईल.

९. समारोप

अपघातात गेलेल्या अग्निशामकाच्या कुटुंबाला भरपाई मिळते, शिवाय शासनाकडून सानुग्रह अनुदानही जाहीर होते. या दोन शब्दांतील भेद विसरता कामा नये. भरपाई हा हक्क आहे, सानुग्रह अनुदान हा अनुग्रह आहे. कर्करोगाने गेलेल्याच्या पत्नीला अनुग्रहाची वाट पाहावयास लावणे म्हणजे तिच्या पतीच्या कामाचा आणि मृत्यूचा संबंध अमान्य करणे होय.

परिभाषेपुरते बोलावयाचे तर, कायद्याचे मराठी करताना ‘अपघात’ आणि ‘रोग’ यांना एकाच ‘कामातून’ या रूपाने बांधू नये. अपघाताला ते शोभते. रोगासाठी ‘कामामुळे’ हेच रूप योग्य आहे, कारण ते माणूस त्या दिवशी कोठे होता हे विचारत नाही. प्रत्यय बदलल्याने कायदा बदलत नाही, हे खरे. परंतु कोणता पुरावा मागावयाचा हे प्रश्नाच्या रूपावरून ठरते, आणि प्रश्नाचे रूप हा भाषेचा प्रांत आहे. मालवणात बसून दावा लिहिणाऱ्या स्त्रीला जो प्रश्न विचारला जाईल, तो निदान उत्तर देता येईल असा असावा.